पाय वलं झालं का

तीन वर्षांपूर्वी, होळीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास नेसरीच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर वणवा पेटला. दुपारी दोनपर्यंत डोंगरउतारावरची अकरा घरांची वस्ती जळून गेली. माणूस कोणी गेलं नाही. तीन म्हशी, एक रेडकू आणि वस्तीभोवतीची काजूची सगळी झाडं गेली.

यंदाचीही होळी होऊन गेली आहे. कोल्हापूरजवळ उचगावात माझ्या गच्चीवर सकाळी काळ्या राखेचे तुकडे पडलेले असतात. लांबट, हलके. उचलायला गेलं की मोडतात, पुसायला गेलं की फरशीवर फासतात. आसपासच्या शिवारातला ऊस तुटून गेला की मागे राहिलेलं पाचट पेटवून देतात, त्याची ही राख. शेजारच्या वहिनी कठड्यावरून सांगतात, "पांढरं काय वाळत घालू नगासा आज. पलीकडं फड पेटलाय." पाचटाच्या धुराला गोडसर वास असतो, काकवी उतू गेल्यासारखा. डोंगराच्या गवताचा धूर तसा नसतो. तो कडू असतो, कोरडा, आणि घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो. होळीनंतरचे आठ-दहा दिवस गच्चीवर गेलं की पहिल्यांदा वास घ्यायचा आणि कुठला ते ठरवायचं, अशी सवय लागली आहे. आजवर इथे प्रत्येक वेळी पाचटाचाच निघाला.

जळालेल्या वस्तीला नाव नाही. सातबाऱ्यावर आहे ते गावाचं. लोक वरची वस्ती म्हणतात. माझं लहानपण नेसरीत गेलं आणि वरची वस्ती आमच्या घरी दर बाजाराच्या दिवशी यायची, ती हौसाक्काच्या रूपानं. तिच्या डोक्यावरच्या बुट्टीत दह्याचं गाडगं असायचं. उन्हाळ्यात त्याच्या शेजारी काजूच्या ओल्या बिया आणि पळसाच्या पानात बांधलेली करवंदं. बिया दाताने फोडायच्या नाहीत, हे तिनंच शिकवलं. टरफलातलं तेल ओठाला लागलं की कातडं निघतं. मला ते एकदा लागलं होतं. आठवडाभर मी मीठ न घातलेला भात खाल्ला.

शाळेला धुळवडीची सुट्टी असली की मी तिच्याबरोबर वर जायची. दोन तासांची चाल. जांभ्याच्या लाल वाटेवर पायाखाली खडे सरकायचे, आणि शेवटच्या चढावर गवत सुरू व्हायचं. होळीच्या सुमारास ते माझ्या छातीएवढं असायचं, पिवळं आणि टोकाला कुसळांनी भरलेलं. कुसळं परकराच्या काठात घुसायची आणि घरी आल्यावर आई ती चिमटीनं एकेक काढत बसायची.

वरच्या वस्तीत डोंगर जाळत नव्हते. भाजत होते. मी एकदा चुकून जाळणं म्हणाले, तर हौसाक्का चुलीपुढून म्हणाली, "भाकरी जाळती व्हय तुझी आई?" वाळलेलं गवत भाजून काढलं की पावसाळ्यात कोवळं, दाट गवत येतं आणि म्हशी दुधाला येतात, असं वस्तीचं म्हणणं. वनखात्याची माणसं याच्या उलट सांगतात. माती भाजते, बी भाजतं, जमिनीवरची अंडी भाजतात. दोन्ही बाजू मी अनेक वर्षं ऐकत आणि छापत आले आहे. पण भाजण्याची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती रीत अशी होती.

होळीनंतरचा तिसरा दिवस. उजाडायच्या बेताला हौसाक्का डोंगरावरच्या झऱ्याला जायची. अनवाणी, गवतातून. घागर भरून त्याच वाटेनं खाली यायची. तिचा नवरा गुंडू तात्या घरापुढच्या खडकावर बसलेला असायचा. खिशात काडेपेटी, शेजारी जांभळीच्या ओल्या डहाळ्यांचा भारा. बाकीचे पुरुष डहाळ्या घेऊन आपापल्या जागी उभे. ती समोर आली की तात्या विचारायचा, "पाय वलं झालं का?" ती घागर न उतरवता एक पाय पुढे करायची. घोट्यापर्यंत ओला, आणि ओलीला चिकटलेली कुसळं. "झालं." मग तात्या काडी ओढायचा.

दवानं भिजलेलं गवत भडकत नाही. ते धुमसतं. आग हातभर उंचीची, पांढऱ्या धुराखाली सरपटत जाणारी. तिच्या मागोमाग चालता येतं. कुठे डोकं वर काढलं की डहाळीनं दाबता येतं. ऊन चढून वारा सुटायच्या आत पट्टा भाजून झालेला असायचा आणि पुरुष काळ्या हातांनी भाकरी खायला बसलेले असायचे. वस्तीच्या बाजूचं गवत पहिल्यांदा भाजायचं, म्हणजे पुढे उन्हाळ्यात कुठूनही वणवा आला तरी वस्तीपाशी त्याला खायला काही उरत नाही. पोलिसात हजेरी द्यावी तसा तो दिवस ठरलेला होता. होळी, धुळवड, तिसऱ्या दिवशी भाजणं. पंचांगात होळी जिथे जाईल तिथे हा दिवस जायचा.

पंचांग हललं नाही. दव हललं. कधीपासून, हे सांगता येत नाही. पावसाची नोंद प्रत्येक महसूल मंडळात होते. दवाची नोंद ठेवणारं रजिस्टर मला तालुक्यात सापडलं नाही. वस्तीतली माणसं सांगतात त्यावरून एवढंच जुळवता येतं की पूर्वी पाडव्यापर्यंत सकाळी गवत ओलं असायचं. मग ते होळीपर्यंत राहायला लागलं, आणि मग त्याचा भरवसा राहिला नाही. शिवरात्रीलाच दुपारी खडकाला हात लावता येईना. झरा आधी पाडव्याला आटायचा, तो होळीलाच तळाला जाऊ लागला. वणव्याच्या आदल्या पावसाळ्यानंतर वस्तीच्या खालच्या अंगाला, नव्या सिमेंटच्या रस्त्याकडेला, नळ आला. बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. डोंगर चढून पाणी आणायचं संपलं. ही चांगली गोष्ट होती, आजही आहे.

त्या सकाळी हौसाक्का नळावरून आली. सिमेंटच्या रस्त्यावरून, अनवाणी. घागर काठोकाठ होती आणि चढाला हिंदकळली. गुंडू तात्या खडकावर बसला होता. त्यानं विचारलं, "पाय वलं झालं का?" तिनं सवयीनं पाय पुढे केला. पाय ओला होता. कुसळ एकही नव्हतं.

तात्यानं काडी ओढली.

नंतर वस्तीतल्या प्रत्येकानं एक गोष्ट सारखीच सांगितली. धूर दिसला नाही. वाळलेलं गवत उन्हात पेटलं तर ज्वाळा दिसत नाही आणि धूरही फारसा होत नाही. "नुसती हवा हलत हुती," एकीनं सांगितलं, "तव्यावर हलती तशी. आनी हवंच्या म्होरं ससं पळत आलं." डहाळ्या घेऊन उभे असलेले पुरुष पाच-सात मिनिटांत मागे हटले. आग आधी वर गेली. साडेआठच्या सुमारास वारा फिरला आणि ती वस्तीच्या वरच्या अंगानं खाली आली, काजूच्या बागेतून. जमिनीवर पडलेल्या काजूबिया तडतडत फुटल्या. फुटताना त्यांचं तेल पेटून उडत होतं आणि जिथे पडेल तिथे नवीन आग लागत होती. बायकांनी दावी कापून म्हशी सोडल्या आणि खालच्या रस्त्याकडे हाकलल्या. बहुतेक गेल्या. तीन मागे फिरल्या. घाबरलेली म्हैस गोठ्याकडे जाते. गोठे तोवर पेटले होते.

मी चार वाजता पोचले. भिंती उभ्या होत्या, कारण त्या जांभ्याच्या होत्या. वरचे पत्रे भाजलेल्या पापडासारखे मुडपले होते. एका घरात जातं, एका घरात शिलाई यंत्राचं लोखंडी अंग, सगळ्या घरांत तवे. खालच्या गावातली माणसं डोक्यावर वैरणीच्या पेंढ्या घेऊन वर येत होती आणि कुणाच्या दारात टाकाव्यात हे न कळून रस्त्यातच उभी राहत होती. मी तिथेच उभं राहून फोनवरून पेपरला बातमी सांगितली. तिची पहिली ओळ होती : नेसरीजवळच्या डोंगरावर वणवा लागून अकरा घरांची वस्ती खाक झाली.

लागून. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या डेस्कवरचे ज्येष्ठ सांगायचे, कुणी लावली हे सिद्ध होईपर्यंत आग लागते. हा नियम चांगला आहे. त्यानं अनेक निरपराध माणसं वाचली असतील. त्या नियमानं मी वीस वर्षं आगी लावल्या नाहीत. सगळ्या लागल्या. गवताला लागली, गोदामाला लागली, फडाला लागली. कर्त्याशिवायचं क्रियापद. ते लिहिताना कधी थांबावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. वस्तीत सावली एकच उरली होती, अर्ध्या बाजूनं करपलेल्या फणसाची. तरुण तलाठी बुंध्याशी मांडीवर फाइल घेऊन बसला. हौसाक्का समोर उभी होती. कालचंच लुगडं, पदराला भोकं.

"बसा भाऊसाहेब," ती म्हणाली. "चा इचारला असता, पर चूल अजून थंड व्हायची हाय."

कुणी हसलं नाही. मग मागचा एक म्हातारा हसला आणि त्याच्यामागे दोघं-तिघं.

घरं मोजून झाली, जनावरं मोजून झाली. तलाठी म्हणाला, "कारण काय लिहू, आक्का? अज्ञात कारणानं वणवा लागला, असं घालतो."

"व्हय, तसंच लिवा की," गुंडू तात्या घाईनं म्हणाला.

"लागला न्हाय," हौसाक्का म्हणाली. "लावला."

"कुणी?"

"ह्येनी. म्या सांगिटल्यावर."

तलाठ्यानं पेन कागदावरून उचललं. "आक्का, हे लिहिलं तर जंगलवाले केस करतील. आणि वर असं जाईल की या वस्तीतली माणसंच डोंगर पेटवतात. मग वस्ती इथनं हलवा म्हणतील. अकराच्या अकरा घरं. लागला म्हटलं तर कुणालाच काही होत नाही. तुमच्याच सोयीचं सांगतोय."

"आनी लागला म्हणून लिवलं तर फुडल्या साली परत लागंल की," ती म्हणाली. "आपनहून लागल्याला कोण काय करणार? पावसागत येणार आनी जाणार. लावला म्हटलं तर निदान थांबवायला तरी येतंय."

"हौसे, गप," तात्या म्हणाला.

"चाळीस वर्सं माझं पाय बघून काडी वढलासा. आता पाय कुणाचं हुतं त्ये बी लिवू द्या की. दोगांची नावं घाला, भाऊसाहेब. आनी फुडं लिवा, दव पडलं न्हवतं."

तलाठ्यानं विचारलं, दवाचा काय संबंध. तिनं सांगितलं. झरा, गवत, कुसळं, नळ, घागर. सांगता सांगता तिनं पाय पुढे केला, दर वर्षी त्या सकाळी करायची तसा. पायाला राख होती. "वलं हुतं," ती म्हणाली, "पर नळाचं. कुसळ न्हवतं. ह्येनी बघायला पायजे हुतं आनी म्या सांगायला पायजे हुतं. दोगंबी चुकलो. पर चाळीस वर्सं चुकलो न्हवतो, त्ये बी लिवा. त्येच पाय, तीच काडी, त्योच दिवस. मग बदाललं काय? त्येवढं लिवा."

"दवाला फॉर्ममध्ये रकाना नाही, आक्का."

"कागदाला कडंला जागा हाय न्हवं?"

तलाठ्यानं समासात लिहिलं. तिनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. शाईच्या पॅडवर ठेवण्याआधी अंगठा पदराला पुसला, काजळी आणि शाई एकत्र होऊ नये म्हणून. गुंडू तात्यानं बराच वेळ पॅडकडे बघितलं आणि मग त्यानंही अंगठा उठवला. बाकीच्या दहा घरांतून कुणी पुढे येऊन विरोध केला नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरात काडेपेटी होती आणि प्रत्येकजण त्या सकाळी डहाळी घेऊन उभा होता.

मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्या पेपरात बी लागलाच आलंय म्हणं, पोरी."

मी डेस्कचा नियम सांगितला. सिद्ध झाल्याशिवाय तसं लिहिता येत नाही.

"आता झालं न्हवं?" ती म्हणाली. "लिव मग."

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या.

तलाठी म्हणाला होता तसंच झालं. केस झाली. वस्ती धोक्याच्या जागी असल्याचा अहवाल गेला आणि महिन्याभरात गावात बैठक बोलावली गेली. खालच्या रस्त्याला, ओढ्याच्या वळणावर, सपाट जागा दाखवण्यात आली. वीज जवळ, शाळा जवळ, बस जवळ. सगळं खरं होतं. बैठकीला आलेले अधिकारी समजुतीनं बोलत होते. हौसाक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सायेब, तुमी पावनं मानूस, तुमाला ठावं नसंल," ती म्हणाली. "ती जागा वड्याची हाय. गेल्या दोन पावसाळ्यात वडा रस्त्यावर आलता. आदी येत न्हवता, आता येतोय. आगीतनं उठून पाण्यात जाऊन बसायचं व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तिथं निदान दव तरी लागंल, आक्का," आणि बैठक हसली. तीही हसली. मग म्हणाली, "घर जळालं. जागा कुटं जळालीया? आमी वर जातोय. कागूद यिऊ द्या, बघू."

आणि वस्ती वर गेली. परवानगीची वाट न बघता, पावसाच्या आधी. जांभ्याच्या भिंती होत्याच. त्यांच्यावर जुनेच पत्रे ठोकून सरळ केले. पहिल्या पावसाळ्यात त्या पत्र्यांवर पाणी वेगळं वाजायचं. ठोकलेल्या पोच्यांमधून ते थांबून थांबून वाहायचं आणि आत बसलेल्या माणसाला बाहेर कुणी चालतंय असं वाटायचं. दिवाळीनंतर बायका-पुरुषांनी वस्तीभोवती गवताचा पट्टा काढला. भाजून नाही. विळ्यानं कापून, मग कुदळीनं तासून, माती उघडी पडेपर्यंत. बैलगाडी फिरेल एवढा रुंद. जे काम काडी एका सकाळी करायची, त्याला एकोणीस दिवस लागले. हात फुटले. गुंडू तात्या त्या पट्ट्यात सगळ्यांच्या आधी जायचा आणि सगळ्यांच्या शेवटी यायचा. त्यानं विडी सोडली आहे. खिशात काडेपेटी ठेवत नाही. चुलीला काडी लावायची वेळ आली की हौसाक्काला हाक मारतो, आणि ती म्हणते, "आलो धनी, तुमचा बंब घिऊन," आणि काडी ओढते.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या डोंगरावर वणवा आला. तो पट्ट्यापाशी थांबला. पट्ट्याच्या पलीकडचं काळं आणि अलीकडचं पिवळं यांच्यामधली सरळ रेघ पाऊस पडेपर्यंत खालच्या रस्त्यावरून दिसायची.

कोल्हापुरात माणसं मला विचारतात, असल्या जागी ती राहतातच कशाला. हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरात महापुराचं पाणी येऊन गेलेलं असतं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर त्याची खूण असते आणि त्या खुणेवर नवीन रंग मारून ती तिथेच राहत असतात. हा वाद म्हणून मी सांगत नाही. खुणा मी पाहिल्या आहेत, एवढंच.

हौसाक्का नळाचंच पाणी भरते. पण होळी झाली की ती रोज उजाडताना रिकाम्या हातानं डोंगरावर जाते, जुन्या झऱ्याच्या वाटेनं, अनवाणी. मी तिला विचारलं होतं, आता भाजायचंच नाही तर कशाला जातेस.

"आमी न्हाय भाजत," ती म्हणाली. "पलीकडच्या दोन वस्त्या भाजत्यात की. त्यांस्नी नगा म्हटलं तर ऐकत्यात व्हय? त्यांचं बी तिसऱ्या दिवसाचंच हाय. मग म्या म्हटलं, भाजा, पर पाय माझं बघा. नळाचं न्हवं, गवतातलं. कुसळासकट."

यंदा होळीनंतरच्या तिसऱ्या दिवशी मी वर होते. केस गडहिंग्लजच्या कोर्टात अजून चालू आहे. दोघं प्रत्येक तारखेला एसटीनं जातात. वस्ती हलवण्याचा अंतिम आदेश आजपर्यंत आलेला नाही. अकरापैकी दहा घरांत माणसं राहत आहेत. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काजूची नवी रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत.

सव्वासहाला पलीकडच्या दोन्ही वस्त्यांचे पुरुष डोंगराच्या धारेवर येऊन उभे राहिले. डहाळ्या तोडून आणलेल्या होत्या. त्यांतल्या दोघांच्या हातात काडेपेट्या होत्या. गुंडू तात्या घरापुढच्या खडकावर बसला होता. साडेसहाच्या सुमारास हौसाक्का वरून गवतातून खाली आली. धारेवर थांबली. तिथल्या एकानं विचारलं, "आक्का, पाय वलं झालं का?"

तिनं पाय पुढे केला. कुसळं होती. ओल नव्हती. डहाळ्या तिथेच टाकून माणसं खाली उतरली.